नाइट, रिटर, शिलेदार, बारगीर: घोड्यावरच्या योद्ध्याला मराठीत काय म्हणावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

मध्ययुगीन युरोपच्या इतिहासावरील एका लहान पुस्तकाचा मराठी अनुवाद सध्या करीत आहे. त्यातील तीन प्रकरणे अनुक्रमे इंग्लंड, कॅस्टिल (स्पेनमधील जुने राज्य) आणि जर्मन प्रदेश यांविषयी असून, ज्याला इंग्रजीत नाइट म्हणतात तो चिलखत घातलेला घोडेस्वार तिन्ही प्रकरणांत पानोपानी भेटतो. मूळ लेखकाने सर्वत्र 'नाइट' असेच म्हटले आहे. मात्र जागोजागी फ्रेंच शव्हालिए, स्पॅनिश काबायेरो, जर्मन रिटर आणि लॅटिन मिलेस हे शब्दही दिले आहेत.

जुन्या मराठी अनुवादांत या माणसासाठी सरदार, उमराव, वीर, शिलेदार आणि क्वचित नुसते घोडेस्वार असे शब्द मला आढळले. सरदार म्हटले की हाताखाली फौज बाळगणारा मातब्बर पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो आणि या पुस्तकातील पुष्कळ नाइटांजवळ तर एखादे गाव, दोन-तीन घोडी आणि बरेचसे कर्ज एवढाच संसार आहे. घोडेस्वार म्हणावे तर त्याची सगळी प्रतिष्ठा गळून पडते. उमराव हा दरबारी शब्द आहे आणि वीर हा तर पोवाड्यातला.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शव्हालिए, काबायेरो आणि रिटर या तिन्ही शब्दांत घोडा किंवा घोड्यावर बसणे उघड दिसते. मग इंग्रजी नाइट या शब्दात घोड्याचा मागमूस का नसावा? आणि दुसरे असे की, तिन्ही प्रकरणांत एकच मराठी शब्द चालविणे योग्य होईल काय?

शब्दवेध

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, इंग्रजांचा हा शब्द तबेल्यातून आलेलाच नाही, तो घरातल्या चाकरांच्या ओसरीवरून आलेला आहे. जुन्या इंग्रजीत 'क्निख्ट' म्हणजे मुलगा, पोरगा आणि त्यावरून पदरी ठेवलेला चाकर. शुभवर्तमानांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात येशूच्या शिष्यांना 'लेओर्निंग-क्निख्ट', म्हणजे शिकणारी पोरे, असे म्हटलेले आहे. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरही हा शब्द लगेच वर चढला नाही. 1086 साली विजेत्या विल्यमने आपला मुलगा हेन्री याला शस्त्रदीक्षा दिली, त्या प्रसंगाची इंग्रजी बखरीतील नोंद राजाने त्याला 'रिडेरे' केले, म्हणजे स्वार केले, अशी आहे. तिथे क्निख्ट हा शब्द नाही. पुढे धन्याच्या घरी राहून त्याच्यासाठी हत्यार धरणारा चाकर तो क्निख्ट, असा अर्थ रूढ होत गेला आणि अशा सशस्त्र चाकरांची पत वाढली तशी शब्दाचीही वाढली.

याच शब्दाचे जर्मन भावंड 'क्नेख्ट' मात्र चाकर किंवा शेतगडी या अर्थापाशीच थांबले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत जर्मन प्रदेशांतून जे भाडोत्री सैनिक निघाले त्यांना 'लांड्सक्नेख्ट' म्हणत, आणि ते लांब भाले घेऊन पायी लढणारे लोक होते. म्हणजे एकाच मुळाचा शब्द इंग्लंडमध्ये घोड्यावर बसला आणि जर्मनीत पायी चालत राहिला. घोड्यावरच्यासाठी जर्मनांनी 'रिटर' ठेवला. आणि जो केवळ स्वारी करतो, मग तो कोणीही असो, त्याच्यासाठी त्याच मुळाचा 'रायटर' हा वेगळा शब्द ठेवला. आपल्या तिसऱ्या प्रकरणात हे दोन्ही शब्द येत असतील तर ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

फ्रेंच आणि स्पॅनिश शब्दांची कुळकथाही सरळ नाही. अभिजात लॅटिनमध्ये घोड्याला 'एक्वुस' म्हणत. 'काबाल्लुस' हा शब्द कामाच्या, ओझ्याच्या घोड्यासाठी होता. आपण तट्टू म्हणतो त्याच तोऱ्याचा. लोकांच्या तोंडी हा दुसराच शब्द राहिला आणि त्यातून फ्रेंच शव्हाल, स्पॅनिश काबायो, इटालियन काव्हाल्लो निघाले. त्यामुळे शव्हालिए आणि काबायेरो या मानाच्या पदव्या मुळात तट्टावरून आलेल्या आहेत. एक्वुसच्या घराण्यातील घोडी तेवढी मागे उरली: स्पॅनिशमध्ये 'येग्वा' आणि पोर्तुगीजमध्ये 'एग्वा'.

मिलेस हा शब्द अधिक सांभाळून घ्यावा लागेल. रोमन काळात मिलेस म्हणजे शिपाई, आणि तो बहुधा पायदळातला. अकराव्या-बाराव्या शतकांतील कागदपत्रांत तोच शब्द पायदळाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे घोड्यावरच्या योद्ध्यासाठी येतो. शतक पाहिल्याशिवाय त्याचे भाषांतर करता येत नाही.

आपल्याकडे याच्या उलट दिशेने गेलेला शब्द म्हणजे राऊत. तो 'राजपुत्र' या शब्दाचा झिजलेला अवतार. राजाचा मुलगा होता तो घोड्यावरचा सैनिक झाला आणि शेवटी आडनाव होऊन राहिला. दक्षिणेत कन्नडमध्येही रावुत म्हणजे घोडेस्वार, आणि तमिळनाडू व केरळमधील रावुत्तर या मुस्लिम समाजाचे नाव याच शब्दावरून आले आहे.

पागा

शब्दवेध यांनी व्युत्पत्ती नेमकी मांडली आहे, पण अनुवादासाठी माझ्या मते वेगळा प्रश्न आधी विचारायला हवा: घोडा कोणाचा? मराठी फौजेतील शब्द याच प्रश्नावर उभे आहेत. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार. जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या पागेत घोडा सरकारी असे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी चढण सभासदाच्या बखरीत दिलेली आहे आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद असावा हेही तिथे सांगितले आहे. पण बारगीर हा सरकारचाच असतो असे समजू नये. एखाद्या सधन शिलेदाराजवळ दहा घोडी असली तर त्यांवर तो जी माणसे बसवी तीही बारगीरच.

शिलेदार या शब्दात घोडा नाही, हे कृष्णाकाठ यांनी ध्यानात घ्यावे. अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र, आणि ते बाळगणारा तो सिलाहदार. घोडा असल्यावाचून शिलेदार होता येत नाही, तरी शब्दात घोडा नाही; नाइटचीही स्थिती तीच आहे.

बारगीर या शब्दाची तर गंमतच आहे. मूळ फारसीत बारगीर म्हणजे ओझे वाहणारे जनावर. तुर्की भाषेत तो शब्द 'बेगिर' होऊन घोडाच राहिला, इतका की इंजिनाच्या अश्वशक्तीलाही तुर्क लोक बेगिरचीच शक्ती म्हणतात. दख्खनमध्ये मात्र जनावराचे नाव त्यावर बसणाऱ्या माणसाला चिकटले. आणि 1741 ते 1751 या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जाऊ लागल्या तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचे 'बर्गी' केले. घोडा स्वतःचा की धन्याचा, या भेदाशी बंगाली शेतकऱ्याला कर्तव्य नव्हते; त्याच्या लेखी बर्गी म्हणजे लुटारू, आणि मुलांना झोपविताना आजही तिकडे त्याचे नाव घेतात. आपल्या दप्तरातील साधा हुद्दा दुसऱ्या प्रांताच्या अंगाईगीतात भय होऊन बसला.

आता मूळ मुद्दा. जर्मन प्रकरणात 'मिनिस्टेरियालिस' हा वर्ग नक्की येईल. हे लोक रिटर होते, चिलखत घालून घोड्यावरून लढत, किल्ले सांभाळीत, पण कायद्याने ते स्वतंत्र नव्हते. धन्याच्या परवानगीशिवाय त्यांना लग्नही करता येत नसे. यांना शिलेदार म्हणणे चुकीचे होईल. बारगीर हा शब्द आशयाने त्यांच्या बराच जवळ जातो. इंग्लंडमध्येही बड्या उमरावांच्या घरी राहणारे आणि घोडा-पोशाख त्यांच्याकडूनच घेणारे नाइट होतेच.

एक सावधगिरी. आजचा वाचक शिलेदार हा शब्द वर्तमानपत्रात वाचतो, आणि तिथे 'अमक्या नेत्याचे शिलेदार' म्हणजे त्याचे निष्ठावंत साथीदार. मूळचा शिलेदार आपला घोडा घेऊन आज या सरदाराकडे, उद्या त्या सरदाराकडे जाऊ शकत असे आणि म्हणूनच महाराजांनी शिलेदारांपेक्षा पागेचे बळ मोठे ठेवले. बातमीदारांनी त्याला निष्ठेचा पुतळा करून टाकले आहे. शिलेदार वापरायचा असेल तर पहिल्याच ठिकाणी दोन ओळींचा खुलासा हवा.

मांडवीतीर

मी गोव्याचा असल्याने पोर्तुगीज कागदांशी थोडा परिचय आहे, आणि त्या बाजूने शिलेदाराला माझे अनुमोदन आहे, निदान कॅस्टिलच्या प्रकरणापुरते तरी. कॅस्टिलमध्ये 'काबायेरो व्हियानो' नावाचा एक वर्ग होता. हे लोक कुळाने सामान्य असत, पण घोडा आणि हत्यार बाळगत, आणि सरहद्दीवर मुसलमानी राज्यांशी लढाया चालू असल्यामुळे अशा माणसांची राजाला गरज असे. 974 साली कास्त्रोखेरिस या गावाला दिलेल्या सनदेत तिथल्या अशा घोडेवाल्यांना खालच्या दर्जाच्या कुलीनांची बरोबरी देण्यात आली. म्हणजे तिथे घोडा आधी आला आणि प्रतिष्ठा मागून. पोर्तुगालमध्येही 'काव्हालेइरू-व्हिलांव' याच नावाने हा वर्ग ओळखला जाई.

या लोकांना ठरावीक दिवशी घोडा आणि शस्त्रे घेऊन हजिरी द्यावी लागे. त्या हजिरीला स्पॅनिशमध्ये 'आलार्दे' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल-अर्द', म्हणजे समोर मांडणे, यावरून आला. त्याच अरबी शब्दाचा फारशी वळणाचा उच्चार म्हणजे आपला 'अर्ज', आणि दिल्लीच्या सुलतानांच्या ज्या खात्यात घोडे आणि माणसे तपासून घेत त्याचे नाव दीवान-ए-अर्ज होते. कॅस्टिलचा काबायेरो आणि दिल्लीचा सवार एकाच नावाच्या हजिरीला उभे राहत होते. माझ्या मते आपल्या पुस्तकात याची एक तळटीप शोभेल.

पागा यांनी बारगिराबद्दल जे लिहिले तसेच उदाहरण स्पेनमध्ये आहे. आखूड रिकिबीत पाय दुमडून बसणाऱ्या हलक्या स्वाराला 'खिनेते' म्हणतात. ते नाव उत्तर आफ्रिकेतील झनाता या बर्बर टोळ्यांवरून आले. तोच शब्द इंग्रजीत जाऊन 'जेनेट' झाला आणि तिथे तो लहान चणीच्या स्पॅनिश घोड्याचे नाव ठरला. दख्खनमध्ये घोड्याचा माणूस झाला, इंग्लंडमध्ये माणसाचा घोडा.

पोर्तुगीजमध्ये आज 'काव्हालेइरू' म्हणजे घोड्यावर बसणारा किंवा नाइट आणि 'काव्हाल्येइरू' म्हणजे सभ्य गृहस्थ, असे दोन शब्द वेगळे झाले आहेत. स्पॅनिशने ही फोड केली नाही. तिथे काबायेरो हाच शब्द दोन्हींसाठी, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारावरही पुरुषांसाठी तोच. इंग्रजांनी फ्रेंच वाटेने शिव्हल्री घेतली आणि इटालियन वाटेने कॅव्हल्री. पहिलीत आचार राहिला, दुसरीत घोडदळ. तिसरा शब्द 'कॅव्हलियर' हा 1642 नंतरच्या यादवीत राजाच्या पक्षाला मिळाला, आणि त्यांच्या विरोधकांनी तो हिणवण्यासाठीच वापरला होता. बेफिकीर, तुच्छतेने वागणारा हा त्याचा आजचा अर्थ अजून त्याच कुचेष्टेच्या वळणावर चालला आहे.

निवृत्त दफेदार

वरील चर्चा वाचून राहवले नाही. घोडा गेला तरी त्याचे शब्द जात नाहीत, हे मी नोकरीत रोज पाहिले. भारतीय सैन्याच्या चिलखती दलात सर्वांत खालच्या जवानाला आजही सवार म्हणतात, त्याच्या वर दफेदार, त्याच्या वर नायब रिसालदार आणि रिसालदार. हे सगळे रणगाड्यात बसतात. पूना हॉर्स ही रेजिमेंट 1817 साली पेशव्यांशी झालेल्या पुणे तहातील घोडदळाच्या कलमातून उभी राहिली. नावातील हॉर्स अजून आहे, पण 1965 आणि 1971 ची युद्धे ती सेंच्युरियन रणगाड्यांवरून लढली.

शिलेदारीही इंग्रजांनी बराच काळ चालविली. 'सिलादार' पद्धतीच्या रिसाल्यात भरती होणाऱ्याने घोडा आणि सामान आपले आणायचे किंवा त्याची रक्कम भरायची, आणि पगारातून त्याचा खर्च चालवायचा. त्या जागेला 'असामी' म्हणत आणि तिला किंमत असे. पहिल्या महायुद्धात परदेशी आघाड्यांवर घोड्यांची आणि सामानाची भर घालणे या पद्धतीने निभेना, म्हणून ती मोडण्यात आली.

आणि विधानसभेत गोंधळ करणाऱ्या सदस्यांना बाहेर नेणारे जे मार्शल असतात, त्यांच्या नावाचा मूळ अर्थ घोड्यांचा चाकर, म्हणजे आपला मोतद्दार. फील्ड मार्शलच्या नावाचाही तोच.

पागा

दफेदारसाहेबांच्या मुद्द्याला एक प्राचीन जोड देतो. स्पार्टामध्ये 'हिप्पेइस', म्हणजे घोडेस्वार, या नावाची तीनशे निवडक तरुणांची तुकडी राजाभोवती असे, आणि ती पायी लढत असे. रोममध्ये 'एक्विटेस' या वर्गाला ऑगस्टसच्या काळापासून चार लाख सेस्टर्स (रोमन नाणी) एवढी मालमत्ता असणे आवश्यक होते. त्यांतील अनेक जण सावकारी आणि व्यापार करीत. आपल्या सवारालाही हे चुकले नाही. मोगलांच्या मनसबीत, म्हणजे दरबारी हुद्द्यात, 'सवार' हा किती स्वार बाळगायचे ते सांगणारा एक आकडा होता. 1665 च्या पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आणि घरोघरी 'आज स्वारी खुशीत दिसते' असे ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याने घोड्याला हातही लावलेला नसतो.

शब्दवेध

शिलेदार या शब्दावर मतैक्य होत आहे असे दिसते, म्हणून माझा विरोध नोंदवितो. कॅस्टिलपुरते मांडवीतीर यांचे म्हणणे मान्य. इंग्लंडच्या प्रकरणात मात्र तो चालणार नाही, कारण तिथे घोडा आणि शस्त्र असून माणूस नाइट होत नसे. कमरेला तलवार बांधण्याचा किंवा खांद्यावर तलवार टेकविण्याचा विधी व्हावा लागे. एवढेच नव्हे, तर तेराव्या शतकात हा मान इतका खर्चाचा झाला की ऐपत असलेले लोकही तो टाळू लागले. 1278 साली पहिल्या एडवर्डने वर्षाला 20 पौंडांचे जमीन-उत्पन्न असलेल्यांनी नाइट झालेच पाहिजे असा हुकूम काढला. पुढे पहिल्या चार्ल्सने 1630 पासून याच जुन्या नियमाचा आधार घेऊन, नाइट न झालेल्यांकडून दंड वसूल केला आणि 1641 मध्ये पार्लमेंटने ती प्रथा बंद केली. शिलेदार न झाल्याबद्दल कोणाला दंड झाल्याचे आपल्या इतिहासात बसत नाही.

शिवाय पुढच्या काळात हा किताब घोड्यापासून पूर्ण सुटला. 1842 साली मुंबईचे जमशेटजी जीजीभाई नाइट झाले, ते जहाजी व्यापार आणि दानधर्म यांच्या बळावर. 1857 साली त्यांना बॅरोनेट करण्यात आले. नाइटपद माणसाबरोबर संपते, बॅरोनेटपद मुलाकडे जाते. आपल्या पुस्तकाच्या अखेरीस हा काळ येत असेल, तर तिथे 'शिलेदार जमशेटजी' असे लिहिण्याची पाळी येईल.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. एकच शब्द सर्वत्र चालवायचा नाही, हे आता ठरविले. इंग्लंडच्या प्रकरणात नाइट आणि जर्मन प्रकरणात रिटर हे शब्द तसेच ठेवते. कॅस्टिलच्या सरहद्दीवरील काबायेरो व्हियानोंना शिलेदार म्हणते आणि पागा यांनी सुचविल्याप्रमाणे तिथे खुलासा देते. मिनिस्टेरियालिसना बारगीर म्हणावे की नाही यावर अजून विचार करीत आहे, कारण बारगीर हा दुसऱ्या धन्याकडे जाण्यास मोकळा असे आणि हे लोक नव्हते. दोन शंका मात्र उरल्या आहेत. नाइटांमध्ये 'बॅनरेट' नावाचा वरचा दर्जा येतो, त्याला काय म्हणावे? आणि नाइटबरोबर राहून शिकणाऱ्या 'स्क्वायर'ला?

शब्दवेध

बॅनरेट म्हणजे ज्याला स्वतःचे चौकोनी निशाण फडकविण्याचा आणि त्या निशाणाखाली इतर नाइटांना घेऊन लढण्याचा अधिकार होता तो. आपण सुरुवातीस बाजूला ठेवलेला सरदार हा शब्द इथे योग्य जागी बसेल. हवे तर निशाणाचा सरदार म्हणावे.

स्क्वायरचे मूळ लॅटिन 'स्कुटारियुस', म्हणजे ढाल वाहणारा. मराठीत ढालाईत हा शब्द तयार आहे. तोही आधी ढाल-तलवार बाळगणारा माणूस होता आणि पुढे दरबारातला चाकर झाला, तेव्हा धन्याच्या मागे ढाल घेऊन चालणाऱ्या पोराला तो शोभतो. एवढे पाहावे की चौदाव्या शतकानंतर इंग्लंडमध्ये अनेक जण जन्मभर स्क्वायरच राहिले आणि त्यांना स्वतःच्या जमिनी असत; त्या पानांवर ढालाईत न लिहिता जमीनदार असे सरळ लिहावे.